मुलांच्या कपाटाला लागलेली कसर

आमच्या समोरच्या घरातले त्र्यंबकराव टिपणीस दमलेले नाहीत असा दिवस ठाण्यात कुणी पाहिला असेल, तर त्याने मला येऊन सांगावं. मी स्वतः त्याला सुपारी कातरून देईन. सकाळी आंघोळ करून ओटीवर बसले की ते दमलेले असत. शाळेत जाताना दमलेले. संध्याकाळी तळ्याच्या काठाने परत येत तेव्हा तर ते छत्री घेऊन येत आहेत की छत्री त्यांना धरून आणते आहे, ते कळत नसे. मी एकदा विचारलं, अहो त्र्यंबकराव, झोपेत तरी विसावा मिळतो का? तर म्हणाले, नाही हो, झोपेत मुलं पाढे म्हणतात.

त्यांच्या पत्नी रखमाबाई सांगत की लग्नात सप्तपदीच्या वेळीसुद्धा हे मधेच टेकले होते नि भटजी थांबून राहिले होते. रखमाबाईंना गोष्ट रंगवून सांगायची खोड आहे, पण ही गोष्ट मला खरी वाटते.

तर असे हे त्र्यंबकराव मराठी शाळेत तिसरी इयत्ता शिकवत. वर्गात मुलं इतकी की शेवटच्या ओळीतल्यांना फळा दिसत नसे, आणि मुलं तरी कुठली एका जातीची? तळ्यापलीकडच्या वाड्यांमधली किरिस्तावांची, खोपटाकडची आगऱ्यांची, बामणआळीतली, आमच्यासारखी कायस्थांची. ती तिसरीपर्यंत एका बाकावर बसत. मग आगऱ्यांची मिठागरावर जात, किरिस्तावांची शेतावर नि ताडाच्या झाडावर, मुली सासरी. बामणांची नि आमची मात्र पुढच्या इयत्तेत जात.

एके दिवशी बाजारात एका दांडग्या पोराने त्र्यंबकरावांना वाकून नमस्कार केला आणि हातातलं पत्र पुढे केलं, म्हणाला मास्तर, एवढं वाचून द्या. तो त्यांच्याच हाताखाली तिसरीत पहिला आलेला. मिठागरावर एक हंगाम गेला, दुसरा गेला, आणि अक्षरं गेली. त्र्यंबकरावांनी पत्र वाचून दिलं, घरी आले नि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. रखमाबाई माझ्याकडे विचारायला आल्या की बाजारात कुणी काही बोललं का. मी म्हटलं, बोललं नाही, वाचायला सांगितलं.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच भुंगा शिरला. शाळा सुटली तरी पोरांच्या हातात पुस्तक राहिलं पाहिजे, आणि ते असं पाहिजे की पोराने स्वतः होऊन उघडावं. नाही तर आपण इतकी वर्षं शिकवतो ते पाण्यावर रेघा ओढतो. हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी त्यांना दुरून पाहिलं की बोटाने हवेत रेघ ओढून दाखवत असे. ते हसत, पण दमून हसत.

पुढे राणीसाहेबांच्या ज्युबिलीचं वर्ष आलं. आमच्या वाचनालयातल्या मंडळींना काही तरी करायचं होतं. कुणी म्हणे तसबीर लावा, कुणी म्हणे दिवे लावा. त्र्यंबकराव उभे राहिले, एवढंच म्हणाले की मुलांसाठी एक कपाट करा, आणि खाली बसले. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही म्हणून भाषण छोटं झालं, नि छोटं झालं म्हणून मंजूर झालं. तसबीर लागली आणि तिच्याखाली कपाटही आलं. कपाट दिलं मिठागरांचे मालक काळुराम पाटील यांनी. ते त्यांच्या घरी मसाल्याचं होतं. त्यामुळे आमच्याकडच्या मुलांना अजूनही विद्येला हिंगाचा वास असतो असं वाटतं.

पुस्तकं आणायला त्र्यंबकराव कल्याणला जात. पुण्याची नि नाशकाची, दोन्हीकडची गाडी कल्याणला थांबते, म्हणून स्टेशनाबाहेरच्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या चादरीवर दोन्हीकडची पुस्तकं पडत, आणि मुंबईचीही. त्र्यंबकराव दुपारभर त्या चादरीशेजारी उकिडवे बसून एकेक पुस्तक चाळत. एकदा मी बरोबर गेलो होतो. मला वाटलं होतं बाजार पाहू, काही खाऊ. कसलं काय. हा माणूस एक पुस्तक उचली, मधलंच पान काढी, ओठ हलवत वाची, आणि मग स्वतःशीच एखादं नाव घेई. हे गणूला. हे कॉन्स्टन्सला. हे शास्त्र्यांच्या मधूला. पोरींना चोळीचं कापड घेताना आई अंगावर धरून पाहते, तसं ते प्रत्येक पुस्तक एकेका पोरावर धरून पाहत.

परतताना मी छेडलं, म्हटलं किरिस्तावाच्या पोरीला कहाण्यांचं पुस्तक नि बामणाच्या पोराला किरिस्ताव संताचं चरित्र घेतलंत, अदलाबदल झाली की काय? ते म्हणाले, नाही, दोन्ही घेतली आहेत. मूल पुस्तक न्यायला आलं की त्याला दोन द्यायची. एक आपल्या आळीतलं, एक परक्या आळीतलं. दोन्ही न्यायची नाही तर एकही नाही. आपल्या आळीतलं मिळालं की पोराला वाटतं पुस्तकात आपल्यालाही जागा आहे, आणि परक्या आळीतलं मिळालं की कळतं, जागा पुष्कळ आहे. एवढं बोलून ते झोपले, ते ठाणं आल्यावर मी हलवलं तेव्हा उठले.

पहिले काही महिने बरे गेले. तिथपर्यंतचं काही सांगण्यासारखं नाही, कारण बरं चाललेलं कुणी ऐकत नाही.

मग तक्रारी सुरू झाल्या. पहिली आणली हरिहरशास्त्र्यांनी. शास्त्रीबोवा म्हणजे आमच्या वाचनालयाच्या कमिटीतले सर्वांत विद्वान. दशग्रंथी, एकदा ऐकलं की विसरायचं नाही अशी ख्याती. त्यांचा पुतण्या मधू संताचं चरित्र घरी घेऊन गेला. त्यात त्या संताने थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपली अर्धी शाल फाडून दिली होती. मधूने मुंजीत मिळालेलं नवं कोरं उपरणं टराटरा फाडलं आणि अर्धं एका कातकऱ्याच्या गळ्यात घालून आला. शास्त्रीबोवांचं म्हणणं, दान करायला आपल्यात बंदी नाही, पण फाडून कसलं दान.

दुसरी तक्रार झेवियरची. हा झेवियर स्टेशनाच्या मालधक्क्यावर कारकून, रविवारी प्रार्थनेला इगर्जीत फिडल वाजवतो, मोठा नीटनेटका माणूस. त्याची भाची कॉन्स्टन्स हिने कहाण्यांच्या पुस्तकातली सोमवारच्या उपासाची गोष्ट आजीला वाचून दाखवली. आजीला ती इतकी आवडली की तिने शुक्रवारच्या मटणबंदीच्या जोडीला सोमवारी मासळीही बंद केली. पाद्रीबाबांना कळलं तर काय, म्हणून झेवियर घाबरा झाला.

तिसरी तक्रार काळुराम पाटलांची, आणि खरं सांगायचं तर ती मला पटली. पाटलांना वाचता येत नाही. नातीकडून वाचून घेतात आणि डोळे मिटून ऐकतात. बोधकथांचं एक पुस्तक त्यांनी असं ऐकलं. त्यात शहाणा माणूस जेव्हा म्हणून आला तेव्हा पागोटं घालून आला, आणि मूर्ख आला तो लंगोटी लावून. मीठ भिजू नये म्हणून ते पाण्यात बुडवून ठेवणाऱ्या गड्याची एक गोष्ट होती. पाटील आले, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले,

"मास्तर, ह्यो लिवनारा कंदी मिठागरान उभा तरी ऱ्हायला हाय का? माझी नात वाचता वाचता हसली. आपलेच बापजाद्यांना हसली ती."

त्र्यंबकरावांचं तोंड उतरलं. ते पुस्तक त्यांनी आपल्या हाताने निवडलं होतं. आगऱ्यांच्या पोरांना आपल्या आळीतलं म्हणून. माझ्याशी नंतर बोलताना म्हणाले, त्यात मिठागर आहे एवढंच मी पाहिलं हो.

कमिटी बसली. पुस्तकं काढून टाकावीत तर देणगीदारांना काय सांगायचं, आणि ठेवावीत तर घरच्यांना काय सांगायचं. शेवटी तोड निघाली की पुस्तकं राहू द्यावीत, फक्त ज्याला जो मजकूर नको असेल त्यावर कोरा कागद चिकटवावा. सगळ्यांना हे फार पसंत पडलं. आता चिकटवायचं कुणी, एवढंच राहिलं. शास्त्रीबोवा म्हणाले, खळ म्हणजे शिजवलेलं पीठ, ते खरकटं, त्याला आम्ही हात लावला तर दर पानाला स्नान करावं लागेल. झेवियरने आपली बोटं पुढे करून दाखवली, ही बोटं फिडलची, खळीने तारा चिकटतात. पाटील म्हणाले, मना काय अक्षरां कलतान? भलताच झाकून ठेवीन. वाचनालयाच्या शिपायाने आपण मराठा असल्याचं सांगितलं, म्हणजे काय ते कुणाला कळलं नाही, पण तोही सुटला. मग सगळ्यांनी त्र्यंबकरावांकडे पाहिलं. शास्त्रीबोवा मोठ्या मायेने म्हणाले, "तुमच्यात चालतं."

चालतं. आमच्या कायस्थांत पुष्कळ चालतं, म्हणूनच पुष्कळ अंगावर येतं.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्र्यंबकरावांनी दुसरं काही केलं नाही. परसात तीन दगडांची चूल मांडली. रखमाबाईंनी स्वयंपाकाचं पातेलं द्यायचं साफ नाकारलं, तेव्हा एक फुटकं मडकं घेतलं. तांदळाच्या पिठाची खळ शिजवायची, थंड करायची, आणि कमिटीवाल्यांनी ज्या ज्या पानांच्या कोपऱ्यात खूण केली असेल तिथे मापाने कागद कापून लावायचा. मी कुंपणावरून रोज पाहत असे. रखमाबाई म्हणत, अहो, पुस्तकांना दोन वेळा जेवू घालता, पण मी जेवले का ते विचारत नाही. ते वर न बघता विचारत, जेवलीस का? आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या पानाला खळ लागलेली असे.

मी एकदा त्यांना म्हटलं, बाईंडर लोक खळीत मोरचूद घालतात, तुम्ही घातला का? कीड लागत नाही त्याने. ते म्हणाले, मोरचूद विषारी असतो, आणि पोरं पान उलटताना जिभेला बोट लावतात. 

पाऊस लागायच्या महिनाभर आधीच ठिगळं लावलेली पुस्तकं कपाटात गेली. आता इथे कमिटीतल्या विद्वानांना जे सुचलं नाही ते सांगतो. याआधी मुलं पुस्तकं नेत ती नेत, ठीक. पण ठिगळं लागल्यावर कपाटासमोर रांग लागली. जो तो येऊन विचारी, मास्तर, ठिगळाचं पुस्तक आहे का? वाचनालयाच्या गच्चीवर, तळ्याच्या पायऱ्यांवर पोरं पान उन्हात धरून, एक डोळा मिटून, कागदाखालची अक्षरं लावत बसत. जी पोरं धड्यातली ओळ दोनदा वाचायला रडत, ती एका झाकलेल्या ओळीसाठी दुपारभर माना वाकड्या करत. त्र्यंबकरावांनी हे पाहिलं, मीही पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि कुणालाही सांगितलं नाही.

पावसाळ्यात मात्र ऊनच नाही तर पान धरणार कशासमोर? पोरांचं येणं कमी झालं. खाडीवरून येणारी ओल भिंतीतून कपाटात शिरली. श्रावणात शाळेत परीक्षा, शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांची भेट, त्र्यंबकराव तापाने पडले, असं सगळं एकदम आलं. भाद्रपदात उघडीप झाली तेव्हा त्यांनी कपाट उघडलं. आतून झुरळं पळाली, नि पुस्तकांतून कसरीच्या चंदेरी किड्यांनी धूम ठोकली.

कसरीला खळ आवडते. तिने पुस्तकं सोडली होती आणि ठिगळं खाल्ली होती. ठिगळं, खळ, आणि खळ मुरलेलं खालचं पान. जिथे जिथे कमिटीला मजकूर नको होता, नेमक्या तिथे तिथे आरपार खिडक्या पडल्या होत्या. मी एक पुस्तक डोळ्यासमोर धरलं तर भोकातून मला पलीकडे त्र्यंबकराव दिसले. ते कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसले होते.

रविवारी दुपारी कमिटी बसली. मी वर्तमानपत्र वाचायला म्हणून कोपऱ्यात होतो. खरं म्हणजे पत्र आदल्या आठवड्याचं होतं. शास्त्रीबोवांनी सरळच सांगितलं की हा प्रयोग फसला. कपाट रिकामं करावं, त्यात सरकारी गॅझेटांचे गठ्ठे ठेवावेत. मुलांना क्रमिक पुस्तकं पुरेत. मोरचूद का घातला नाही, असंही विचारलं. त्र्यंबकरावांनी कारण सांगितलं, ते हळू सांगितलं म्हणून कुणी ऐकलं नाही. झेवियर म्हणाला, आपल्याला वाईट वाटतं, पण इलाज नाही. पाटील म्हणाले, कपाट मी दिलं, मसाल्याला परत न्यायला हरकत नाही. त्र्यंबकराव काही बोलेनात. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गाडी चुकलेल्या माणसासारखे ते बसले होते, पुढची कधी आहे हे विचारायचीही ज्याला ताकद नाही.

हे एवढं सोपं होतं पाहा. चार माणसांनी हात वर केले असते, शिपायाने गठ्ठे आणले असते, आणि झालं. दिवाळी झाली की मिठागरं सुरू होणार. खोपटाचा गणू तिसरी संपवून त्याच हंगामात कामावर जायचा होता. हातात पुस्तक राहिलं तर अक्षर राहील, नाही तर तोही पुढच्या वर्षी बाजारात पत्र पुढे करील. त्र्यंबकरावांना हे ठाऊक होतं, आणि तरीही ते बोलत नव्हते, इतके ते दमले होते.

शास्त्रीबोवा ठराव मांडणार तेवढ्यात पायरीखालून बाईचा आवाज आला. गणूची आई, ठमाबाई. पाटलांच्याच मिठागरावर कामाला. मालकाला पाहून तिने पदर सावरला, पण हलली नाही. शिपाई तिला हाकलू लागला तर म्हणाली, मना मास्तरांशी काम हाय. त्र्यंबकराव उठून दारात गेले.

"मास्तर, त्या तांडेलाचा काय जाला?" तिने विचारलं.

कुठला तांडेल, ते आधी कुणालाच कळेना. मग उलगडा झाला. गणूने पावसाळ्याआधी नेलेलं परक्या आळीचं पुस्तक, उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्रात अडकलेल्या गलबताची नि त्याच्या तांडेलाची, म्हणजे कप्तानाची, गोष्ट. गणू ती संध्याकाळी घरी मोठ्याने वाची. घरात वाचता येणारा तो एकटाच, तेव्हा ऐकायला आईबाप, मग शेजारी, मग अर्धी वाडी. पाऊस पडून कामं बंद, मग माणसांना दुसरं काय. बर्फ म्हणजे काय ते कुणाला कळेना, तेव्हा गणूने सांगितलं, मिठाचे ढीग कसे चमकतात, तसा सगळा दर्या. सगळ्यांना एकदम दिसलं म्हणे. त्र्यंबकरावांनी लावलेली ठिगळं तो चुलीच्या उजेडासमोर धरून वाचून काढी. पण आता शेवटाकडे आला, आणि पुस्तक त्यांच्याच घरी, त्यांच्याच ओलीत कसरीने खाल्लं.

"एके पानावर त्यो तांडेल बर्फान उपाशी मरतंय," ठमाबाई म्हणाली, "न दुसरे पानावर चांगला धडधाकट किनाऱ्यावर हिंडतंय. मधी मोठा भोक हाय. वाडीतली मानसां रोज मना इचारतान, मधी काय जाला. मी काय सांगू?"

त्र्यंबकरावांनी चौकटीला हात टेकला. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही, ठमाबाई. ते पान मीच चिकटवलं. पण मी खळ लावत होतो, वाचत नव्हतो."

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मी पत्र खाली ठेवलं. मग ते वळले.

"शास्त्रीबोवा, ते पान तुम्ही वाचलं होतं."

आता शास्त्रीबोवांची पंचाईत झाली. खूण त्यांनी केली होती, म्हणजे पान वाचलं होतंच. आणि एकदा वाचलेलं त्यांना विसरता येत नाही, हे सगळ्या ठाण्याला माहीत. विसरलो म्हणावं तर दशग्रंथीपणाला बट्टा, नि सांगावं तर ज्या मजकुरामुळे कान विटाळतात म्हणून झाकायला लावला, तोच आपल्या तोंडाने. ते बराच वेळ जानव्याशी चाळा करत बसले. पाटील मिशीतल्या मिशीत हसत होते. मीही हसलो असतो, पण त्र्यंबकरावांकडे पाहून हसू आलं नाही.

शेवटी शास्त्रीबोवांनी मांडी नीट घातली, डोळे मिटले आणि संथा म्हणावी त्या सुरात सुरुवात केली. अक्षर ढळलं नाही. गलबतावरची रोटी संपली. आचाऱ्याने बर्फावर एक सील नावाचा जलचर मारला, त्याचे तुकडे करून मीठ लावलं. इथे शास्त्रीबोवांनी नाक दाबलं, पण सूर सोडला नाही. गोऱ्या खलाशांनी आपापला वाटा घेतला. गलबतावर एक काळा खलाशी होता, त्याला आपल्या ताटाजवळ कुणी बसू देईना. तेव्हा तांडेलाने आपलंच ताट उचललं, त्याच्यापुढे ठेवलं, आणि...

इथे ते थांबले.

"आणि त्याच ताटात त्याच्याबरोबर जेवला," ते म्हणाले, आणि डोळे न उघडता पुढे गेले. सकाळी बर्फाला तडा गेला. दोर घेऊन तड्यापलीकडे उडी मारायची ताकद फक्त त्या काळ्या खलाशात उरली होती. त्याने दोर ओढला, गलबत मोकळं झालं.

ठमाबाईने पायरीवर टेकून सगळं ऐकलं. मग म्हणाली, "त्यो खलाशी आपलेच दर्यावरचा असंल." आणि जरा थांबून, "मीठ लावला बोललांव. कंचा मीठ?"

"तसं त्यात लिहिलेलं नव्हतं," शास्त्रीबोवा म्हणाले.

"लिवायला पायजे व्हता," ठमाबाई म्हणाली आणि गेली. रस्त्याने जाताना ती ओठ हलवत होती. विसरू नये म्हणून.

ठराव मांडायचा राहिलाच होता, पण तोंड उघडायची पाळी आता कुणालाच नको होती. त्र्यंबकराव दारातच उभे होते, चौकटीला टेकून. ते म्हणाले,

"यापुढे मी खळ लावणार नाही. ज्याला जे झाकायचं असेल त्याने ते आधी पाठ करावं, आणि कुणी विचारायला आलं तर सांगावं. मी फार दमलो आहे."

झेवियरने नुसता घसा खाकरला. पण पुढच्या आठवड्यात कॉन्स्टन्स पुस्तक बदलायला आली तेव्हा सांगत होती की त्या कहाणीतल्या राजकन्येला देवाने शेवटी काय दिलं ते मामाने आजीला सांगितलं. पानाला भोक पडल्यापासून ती बिचारी उपास करकरून नुसती उपाशीच राहिली होती, आणि आजीला ते बघवेना. मामा फिडलला राळ लावत लावत बोलला म्हणे, जसं काही दुसऱ्याच कुणाला सांगतो आहे.

पाटलांना मात्र त्या बैठकीत त्र्यंबकरावांनी विचारलं नाही. पाटील आपणहून म्हणाले, "माझे पानावरचा मी नाय सांगनार. त्यो खाल्ला तो खाल्ला." त्र्यंबकराव म्हणाले, "नका सांगू, पाटील. ती निवड माझी चुकली होती." एवढं बोलणं झालं आणि पाटील आपल्या पगडीकडे वळले.

शास्त्रीबोवा संध्येची वेळ झाली म्हणून उठले. आंघोळही करावी लागणार होती, खळीशिवायच. ते उठले म्हणून झेवियर उठला, झेवियर उठला म्हणून शिपायाने पंख्याची दोरी सोडली. कपाट बंद करायचा ठराव झाला नाही. उघडं ठेवायचाही झाला नाही. आमच्याकडे ज्याचा काहीच ठराव होत नाही ते चालू राहतं, एवढ्यावरच पुष्कळ संस्था उभ्या आहेत.

दिवाळीनंतर गणू मिठागरावर गेला. हातांना भेगा पडल्या की पान उलटताना रक्ताचा ठिपका लागतो, म्हणून तो पुस्तकाला फडकं गुंडाळून नेतो असं मी ऐकलं. पाहिलं नाही, तेव्हा पुढचं सांगत नाही.

त्या रविवारी मी त्र्यंबकरावांना घरापर्यंत सोबत केली. सबंध रस्ताभर मी बोलत होतो, शास्त्रीबोवांची नक्कल करत होतो, नाक दाबून संथा म्हणत होतो. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. दारात रखमाबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, काय ठरलं? त्र्यंबकरावांनी जोडे काढले, छत्री टेकवली आणि म्हणाले,

"बंद नाही झालं."

"मग आता जेवता का?"

ते म्हणाले, थोडं पडतो. ओटीवरच पडले, पागोटंसुद्धा काढलं नाही. रखमाबाईंनी ते उचलून खुंटीला लावलं आणि मला खूण केली की आता आपली बडबड घरी जाऊन करा. मी निघालो. मागून त्र्यंबकरावांचा आवाज आला, झोपेतला की जागेपणीचा कळलं नाही. ते म्हणत होते, उद्या कपाट उन्हात काढायला हवं.